धरण-कालव्याच्या कामाचे आणि गावचे जुने फोटो: ओळखायचे, जपायचे आणि नोंदवायचे कसे? (प्रश्नोत्तरं; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गावठाण

प्रवरा कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या एका गावाच्या वाचनालयात जुन्या फोटोंची पेटी आहे. तिची यादी आणि नोंद करायची आहे. आत काय आहे ते सांगतो.

काळ्या जाड पानांचा एक आल्बम आहे. त्यात ६२ फोटो कोपऱ्यांत अडकवलेले आहेत आणि खाली पांढऱ्या शाईने इंग्रजी ओळी लिहिल्या आहेत. सुटे कृष्णधवल फोटो नव्वदच्या आसपास. चिकट पानांच्या, वर प्लॅस्टिक असलेल्या आल्बममध्ये २४. खाचांच्या लाकडी पेटीत काचेच्या ११ निगेटिव्ह, त्यातली एक तडकलेली. शिवाय गुंडाळी होऊन कडक झालेले दोन लांबट फोटो आणि एक निळा नकाशा. विषय सगळे मिसळलेले: धरणाची भिंत, कालव्याची खोदाई, जलसेतूच्या (नदी-ओढ्यावरून कालवा नेणाऱ्या पुलाच्या) कमानी, मोट, बैलगाड्या, आठवडी बाजार, सप्ताह, शाळेपुढे बसलेली मुलं. पाच-सहा फोटोंवर बुरशीचे ठिपके आहेत, काहींच्या कडांना निळसर चकाकी आली आहे.

माझे प्रश्न असे. सुरुवात कुठून करावी? कुठला फोटो कुठल्या काळातला, हे कसं ठरवायचं? स्कॅनिंग किती बारकाईने करावं? आणि फोटोतली माणसं, जागा ओळखून लिहिताना कुठली पद्धत पाळावी? पेटी सध्या लोखंडी कपाटात आहे, आत डांबराच्या गोळ्या आहेत.

चांदीक्षार

डांबराच्या गोळ्या आजच काढा. त्यांची वाफ फिल्म आणि प्लॅस्टिकला बाधते आणि बंद पेटीत ती साठत जाते. कडुलिंबाचा पालाही ठेवू नका, त्याचे डाग पडतात आणि ओल येते.

दुसरं, कुठलाही फोटो जागचा हलवण्याआधी पेटी जशी आहे तशी मोबाइलने टिपून घ्या: वरचा थर, मग त्याखालचा, प्रत्येक पान, प्रत्येक गठ्ठा आणि तो कशाने बांधला होता तेही. कालव्याचे फोटो काढणारा सहसा हेडकडून (कालव्याच्या मुखाकडून) टेलकडे (शेवटाकडे) सरकत गेलेला असतो. गठ्ठ्यातला क्रम शाबूत राहिला तर एका ओळखलेल्या मोरीवरून मागच्या-पुढच्या दहा फोटोंची जागा लागते. ‘धरण’, ‘बाजार’, ‘शाळा’ असे विषयवार ढीग केले की हा धागा कायमचा तुटतो. विषयवार मांडणी तक्त्यात करा, कागदांची करू नका.

आता फोटोंचा प्रकार. दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढं पुरतं. पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग तपकिरी, उजळ भाग पिवळट आणि भिंगातून कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील तर तो बहुधा अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला. असे फोटो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले. तंतू दिसत नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत, छटा काळी-करडी आणि गडद भागांच्या कडेला निळसर आरशासारखी चकाकी असेल तर तो जिलेटिन सिल्व्हर, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीचं चित्र असलेला. तुमचे बहुतेक सुटे फोटो हेच असणार. ती चकाकी म्हणजे थरातली चांदी वर येऊन बसलेली असते. ती घासून काढायची नसते, चकाकीबरोबर चित्रही जातं. मागची बाजू प्लॅस्टिकसारखी लागते आणि फाटलेल्या कडेला कागदाचे पदर सुटत नाहीत, असा फोटो रेझिन कोटेड (प्लॅस्टिकचा थर दिलेल्या) कागदावरचा, म्हणजे साधारण १९७० नंतरचा.

एक साधी कसोटी आणखी आहे. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च पाठीवर दोन सेकंद मारा. कागद निळा-पांढरा उजळला तर त्यात उजळक रसायन आहे आणि तो कागद १९५० च्या दशकाच्या आधीचा नाही. पण यावरून प्रिंटचं वय कळतं, चित्राचं नव्हे. १९२० ची काच-निगेटिव्ह १९६५ साली छापलेली असू शकते, म्हणून नोंदीत दोन्ही तारखांना वेगळे रकाने हवेत.

साफसफाई फक्त कोरडी. हातपंपाचा फुगा आणि इंचभर रुंदीचा बकरीच्या केसांचा मऊ ब्रश घ्या, मधून कडेकडे हलका फिरवा. ओला कापूस, स्पिरिट, काच पुसायचं द्रव, थुंकी यातलं काहीही जिलेटिनला लावू नका. जिलेटिन पाणी पिऊन फुगतं आणि बोटाचा ठसा त्यात कायमचा उमटतो. बुरशीचे फोटो वेगळ्या कागदी पाकिटात घाला आणि आधी कोरड्या जागेत, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, आठवडाभर ठेवा. बुरशी वाळून भुकटी झाली की मास्क लावून, उघड्यावर पण सावलीत ब्रशने झाडा. ओली असताना ब्रश लावला तर ती थरात चोळली जाते. उन्हात वाळवणं हा सगळ्यात वाईट उपाय: फोटो वळतो, थर तडकतो.

काळ्या पानांचा आल्बम मोडू नका. पांढऱ्या शाईची ओळ आणि तिच्या वरचा फोटो हा एकच दस्तऐवज आहे. पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घाला, पण शिवण ताणली जायला लागली तर थांबा.

चिकट पानांच्या आल्बमचं उलट आहे, त्यातले फोटो बाहेर काढायलाच हवेत, कारण तो गोंद आणि ते प्लॅस्टिक दोन्ही फोटोला खातात. आधी पूर्ण पान स्कॅन करा. मग प्लॅस्टिक हळूच उचला, दात साफ करायचा बिनवासाचा धागा एका कोपऱ्यातून फोटोमागे घाला आणि करवतीसारखा मागे-पुढे करत नेत चला. फोटो वाकायला लागला की दुसऱ्या कोपऱ्याकडून या. नाहीच सुटला तर फोटोभोवतीचं पान कापा आणि तसाच ठेवा, ओढू नका.

गुंडाळलेले लांबट फोटो हाताने उलगडलेत तर थर आडवा फुटेल. झाकणाच्या मोठ्या प्लॅस्टिक डब्यात तळाला ओले टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर फोटो, पाण्याला न लागता. झाकण लावून दर तासाला पाहा. तीन-चार तासांत कागद सैल होतो, मग दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये घालून वर काच आणि वजन. डब्यात रात्रभर विसरलात तर बुरशी धरेल. ज्यावर आधीच बुरशी आहे किंवा हाताने रंग भरलेत त्याला हा उपाय करू नका, तो संवर्धकाकडेच द्या.

काच-निगेटिव्ह कडांनी धरा, नायट्राइल हातमोजे घाला. सुती मोज्यातून काच निसटते. प्रत्येक काच चार पाळ्यांच्या कागदी पाकिटात, लांब बाजूवर उभी. तडकलेली मात्र दोन पुठ्ठ्यांत आडवी. काचेवर लाल किंवा काळा रंग फासलेला दिसला तर तो मळ समजून खरवडू नका. आभाळ कोरं पांढरं छापलं जावं म्हणून छायाचित्रकार तो लावत असत. कधीकधी त्या रंगाने भिंतीवर उभ्या माणसांच्या डोक्यांच्या कडा कापल्या गेलेल्या दिसतात, तीही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

निळा नकाशा म्हणजे ब्लूप्रिंट. तो फोटोंपासून वेगळा ठेवा आणि त्याला अल्कधर्मी कागदाचं पाकीट देऊ नका. इतर कागदांना तसं पाकीट चांगलं, पण ब्लूप्रिंटचा निळा त्यात उडतो. पेटीत कुठे अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने काढलेल्या नकाशांच्या प्रती) निघाले तर तेही बाजूला काढा, त्यांच्या वाफेने शेजारच्या फोटोंवर डाग येतात.

तलांक

काळ ठरवण्याबद्दल. कपडे आणि पगड्यांवरून अंदाज करण्याआधी बांधकाम वाचा. बांधकामाला नकाशा असतो, तारीख असते, आणि ते खोटं बोलत नाही.

प्रवरेचे फोटो असतील तर भंडारदऱ्यापासून सुरू करा. काम १९१० साली सुरू झालं, १९२६ साली पूर्ण झालं, उंची २७० फूट, त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला दिलं. म्हणजे भिंत अर्धवट दिसत असेल तर फोटो या सोळा वर्षांतला. भिंत पूर्ण आहे आणि खालच्या अंगाला सपाट दगडी उतार दिसतो, तर १९२६ ते १९६९. १९६९ साली तडे आणि गळती दिसल्यावर खालच्या अंगाने आधाराच्या भिंती, म्हणजे बट्रेस बांधले. ते दिसत असतील तर फोटो त्यानंतरचा. एवढी एक खूण पाहिली तरी ढीग तीन भागांत विभागला जातो.

अर्धवट भिंतीच्या फोटोत रंगाने किंवा खडूने लिहिलेले आकडे शोधा. ब्लॉकचा क्रमांक आणि तलांक (त्या जागेच्या पातळीचा आकडा) बहुतेक वेळा भिंतीवरच लिहिलेला असतो. स्कॅन १०० टक्के मोठा करून दगडांच्या रांगा मोजल्या तरी दोन फोटोंतला आधीचा कुठला ते ठरतं. कोणी काठी धरून उभा असेल तर तो सहसा स्टाफ (उंची मोजायची आकडे लिहिलेली पट्टी) धरलेला माणूस असतो, मापासाठी मुद्दाम उभा केलेला. त्याच्यावरून खोदाईची खोली काढता येते.

मग साधनं पाहा. वर्तुळाकार दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि जुंपलेले बैल म्हणजे चुन्याची घाणी. जवळ सुरखीचा, म्हणजे कुटलेल्या विटांच्या भुकटीचा ढीग दिसेल. अशी घाणी दिसली की काम चुन्यातलं. फिरत्या ड्रमचा मिक्सर आणि सिमेंटच्या गोणी दिसल्या तर काम नंतरचं, किंवा जुन्या कामाची दुरुस्ती. मातीच्या धरणावर खुंट्या-खुंट्यांचा शीपफूट रोलर आणि ट्रॅक्टर असेल तर स्वातंत्र्यानंतरच्या पिढीतलं धरण समजा. जायकवाडी त्यातलंच: १८ ऑक्टोबर १९६५ ला लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. गावातली माणसं दूरच्या धरणांवर कामाला जात आणि फोटो घेऊन येत, म्हणून पेटीतलं प्रत्येक धरण भंडारदराच असेल असं धरून चालू नका. खडकवासल्याचा फोटो निघाला तर १२ जुलै १९६१ ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासल्याची भिंतही गेली. तीच भिंत आधी आणि नंतर वेगळी दिसते.

बायका-पुरुषांची मोठी रांग, डोक्यावर घमेली, बाजूला खडीचे सारखे मापलेले ढीग, मागे उजाड माळ, असे फोटो १९७२-७३ च्या दुष्काळी कामांचे असण्याची दाट शक्यता. मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी ही त्यातली मुख्य कामं. सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलेलं पोषक खाणं) वाटपाची रांग दिसली तर शंका उरत नाही. जमिनीत चौकोनी खड्डे, म्हणजे चौकड्या, आणि प्रत्येकीत मधोमध न खोदलेला मातीचा खुंट दिसेल. तो मूळ जमिनीची पातळी दाखवायला ठेवतात. लांबी, रुंदी आणि त्या खुंटाची उंची यांवरून मस्टरावर (मजुरांच्या हजेरीपटावर) माप चढतं. फोटोच्या नोंदीत ‘खड्डे’ असं लिहू नका, ‘मापाच्या चौकड्या’ लिहा, उद्या शोधणाऱ्याला तोच शब्द लागेल.

कालव्यावरचे दगड वाचताना काळजी घ्या. जुन्या दगडांवर मैल आणि फर्लांग (मैलाचा आठवा भाग) असतात. १२ मैल ३ फर्लांग म्हणजे हेडपासून सुमारे १९.९ किलोमीटर. आणि पाटीवर ‘सा. क्र. ६४०’ (साखळी क्रमांक) असेल तर ती साखळी की मीटर हे आधी ठरवा. १०० फुटांच्या साखळीने ते ६४,००० फूट होतात, म्हणजे जवळजवळ १२ मैल १ फर्लांग. मीटर धरलं तर तीच जागा हेडपासून पाऊण किलोमीटरच्या आत येते. नोंदीत आकडा जसाच्या तसा लिहा आणि रूपांतर दुसऱ्या रकान्यात.

किरकोळ पण पक्क्या खुणा: वाहनाच्या पाटीवर ‘एमएच’ असेल तर १९८९ नंतरचं. झेंड्यावर चरखा आहे की अशोकचक्र, हे मोठं करून पाहा, चक्राचा झेंडा २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला. बैलगाडीला लाकडी चाक आणि लोखंडी धाव आहे की रबरी टायर (डनलॉपची गाडी), तेही लिहा. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर दूरध्वनी क्रमांकाचे अंक मोजा, दोन-तीन अंकी क्रमांक जुन्या एक्स्चेंजचा. आणि कोनशिला! फोटोत कोनशिला दिसत असेल तर ती आजही त्या जागी असण्याची शक्यता बरीच आहे. जाऊन वाचा.

गावठाण

खूप उपयोगी. काच-निगेटिव्हबद्दल एक अडचण: दोन काचांवर तोच जलसेतू आहे असं वाटतं, पण एकीत नदी डावीकडून वाहते आणि दुसरीत उजवीकडून. दोन वेगळे जलसेतू की एकच? आणि मोटेच्या फोटोंत काय काय नोंदवावं?

तलांक

एकच असेल, एक काच उलटी पाहिली गेली असेल. हे फार होतं आणि फार महाग पडतं, कारण उलटी काच छापली की डावा कालवा उजवा होतो. नदीचा डावा-उजवा किनारा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतो, म्हणजे चित्र उलटलं की नोंदच खोटी.

काच तिरप्या उजेडात धरा. चकचकीत बाजू काचेची, मंद-निस्तेज बाजू चित्राच्या थराची. थर तुमच्यापासून दूर, काच तुमच्याकडे, असं धरल्यावर दिसतं ते खरं डावं-उजवं. मग चित्रातून पडताळा: अक्षरं उलटी आहेत का, पुरुषांच्या सदऱ्याची पट्टी डावीकडची वर आहे का, बायकांचा पदर डाव्या खांद्यावर आहे का. यातली एकच खूण पुरेशी नाही, दोन जुळल्या की नक्की करा. शेवटी जागेवर जाऊन कमानी मोजा.

फडकरी

मोटेबद्दल. फोटोत जेवढे भाग दिसतात तेवढे त्यांच्या नावाने लिहा: मोट चामड्याची की पत्र्याची, सोंड आहे की नाही, वरचं चाक आणि कणा, जाड दोर म्हणजे नाडा, सोंडेचा बारीक दोर म्हणजे सोंदूर, पाणी पडतं ते थारोळं, बैल उतरतात ती धाव. बैलजोड्या एक की दोन हे नक्की लिहा, विहीर केवढी खोल आणि मोट केवढी मोठी याचा त्यावरून अंदाज येतो. धावेचा उतार आणि लांबी दिसत असेल तर उत्तमच: बैल धावेवर जेवढे चालतात, तेवढाच दोर विहिरीतून वर येतो, म्हणून धावेची लांबी साधारण पाण्यापर्यंतच्या खोलीएवढी असते. थारोळ्यातून निघालेला पाट कुठल्या बाजूला जातो तेही पाहा, त्याच विहिरीचा दुसरा फोटो जुळवायला ती खूण कामाला येते.

विहिरीच्या काठावर मोटेचं चाक आणि डिझेल इंजिन दोन्ही एकाच फोटोत असतील तर तो फोटो जपा. एका पद्धतीतून दुसरीत जाण्याचे ते थोडे दिवस क्वचितच कोणी टिपलेत.

नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि खाली सलग एकाच पिकाची मोठी तुकडी दिसली तर ‘कालवा’ लिहून मोकळे होऊ नका. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या फड पद्धतीचा तो फोटो असू शकतो. तिथे पाणी सरकारी खात्याने नव्हे, गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने आणि जागल्याने सोडलेलं असे. नगर आणि धुळे-नाशिककडची नातीगोती पाहता असे फोटो एका पेटीत मिसळलेले असणं अगदी शक्य आहे.

दप्तरदार

स्कॅनिंगचं आधी सांगतो, मग नोंदींचं.

पोस्टकार्डाएवढे आणि ४ × ६ इंचांचे फोटो ६०० पीपीआयने (दर इंचाला तेवढे ठिपके), त्याहून छोटे १२०० ने. कृष्णधवल असले तरी रंगीतच स्कॅन करा. पिवळेपणा, चकाकी, शाईचा रंग हीसुद्धा माहिती आहे. ४ × ६ इंच, ६०० पीपीआय, २४ बिट रंग म्हणजे टिफ फाइल (चित्राचा तपशील न गाळता साठवणारा प्रकार) सुमारे २६ एमबी, ४८ बिटने त्याच्या दुप्पट. हाफ प्लेट काच (४¾ × ६½ इंच) १२०० पीपीआय, १६ बिट ग्रेमध्ये सुमारे ८९ एमबी. १२० फिल्मच्या निगेटिव्ह निघाल्या तर २४००, ३५ मिमीच्या ४००० पर्यंत.

काचेसाठी स्कॅनर निवडताना वरच्या झाकणातल्या दिव्याची रुंदी बघा. एप्सन व्ही ६०० चा दिवा १२० फिल्मच्या रुंदीएवढाच आहे, हाफ प्लेट त्यात मावत नाही. व्ही ८५० मध्ये ८ × १० इंचांपर्यंत जमतं. तो नसेल तर लाइट पॅडवर काच ठेवून वरून कॅमेरा स्टँड, मॅक्रो लेन्स, आयएसओ १००, एफ ८ असा फोटो काढणं हा उत्तम पर्याय आहे. पॅड आणि काच यांच्यात सगळीकडून सेंटिमीटरभर अंतर ठेवा, नाहीतर पॅडचे ठिपके चित्रात उमटतात. चकाकी आलेले प्रिंट स्कॅनरवर पांढरे पडतात. तेही कॅमेऱ्यानेच, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, दिव्यांवर आणि लेन्सवर ध्रुवण गाळण्या (पोलरायझर फिल्टर) लावून.

स्कॅनरमधली आपोआप धूळ काढण्याची, धार लावण्याची, रंग सुधारण्याची सगळी बटणं बंद. इन्फ्रारेडने धूळ ओळखणारी सोय चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर चालतच नाही, ती चांदीलाच धूळ समजते आणि चेहरे खरवडते. पाठ कोरी असली तरी प्रत्येक फोटोची पाठ स्कॅन करा. कडा कापू नका, चारही बाजूंनी पार्श्वभूमी थोडी दिसू द्या, म्हणजे फोटो पूर्ण आहे हे नंतरच्या माणसाला कळतं. मूळ टिफला कधी हात लावायचा नाही, सुधारणा करायची ती प्रतीवर. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक गावाबाहेर. फाइलची चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारा आकडा) यादी करून ठेवा आणि वर्षातून एकदा पडताळा.

फोटोवर क्रमांक लिहायचा तर मऊ पेन्सिलने (२बी ते ४बी), पाठीच्या खालच्या कडेला, कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. प्लॅस्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल चालत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर.

आता नोंद. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण लोक तीन गोष्टी एकाच ओळीत मिसळतात: फोटोवर काय लिहिलंय, डोळ्यांना काय दिसतंय, आणि कोणी काय सांगितलं. यांना तीन स्वतंत्र रकाने द्या. पांढऱ्या शाईची इंग्रजी ओळ शुद्धलेखनाच्या चुकांसह जशीच्या तशी उतरवा. त्या ओळीत मजुरांना कमी लेखणारा शब्द असेल तर तोही मूळ रकान्यातच राहील, तुमच्या वर्णनात तो येऊ देऊ नका. गावांची नावंही तशीच: फोटोवर ‘अहमदनगर’ असेल तर मूळ रकान्यात तेच, आणि आजच्या नावाच्या रकान्यात ‘अहिल्यानगर’. तारीख नक्की नसेल तर ‘१९१० ते १९२६’ असा पल्ला लिहा आणि तो कशावरून ठरवला ते एका वाक्यात.

माणसं ओळखण्यासाठी मूळ फोटो कधी बाहेर नेऊ नका. ए३ आकाराची प्रत काढा, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आत क्रमांक घाला. एका बैठकीला दहा-बाराच फोटो, त्याहून जास्त झाले की सांगणारा थकतो आणि हो म्हणायला लागतो. ‘हा अमुकच ना?’ असं विचारू नका, ‘हा कोण?’ एवढंच विचारा. दोघांना वेगवेगळं विचारा. जुळलं तर ‘नक्की’, एकानेच सांगितलं तर ‘सांगणाऱ्याच्या माहितीनुसार’, आणि सांगणाऱ्याचं नाव, वय, तारीख त्याच ओळीत.

एक कळकळीची विनंती. अशा आल्बममध्ये कोट-टोपीतल्या साहेबांची नावं छापलेली असतात आणि दगड वाहणाऱ्यांच्या खाली ‘मजूर’ एवढंच असतं. ते दगड वडारांनी घडवले, माती त्यांनी आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायकांनी वाहिली. त्यांच्या वस्त्यांवर त्या ए३ प्रती घेऊन जा. आजी-पणजीचा चेहरा ओळखणारं माणूस अजून सापडू शकतं आणि ते नाव त्या फोटोखाली पहिल्यांदा लिहिलं जाईल. पण जात अंदाजाने लिहू नका, घरच्यांनी सांगितली आणि लिहायला हरकत नाही म्हणाले तरच.

हक्कांबाबत थोडक्यात: १९२० च्या दशकातल्या फोटोंची मुदत संपलेली आहे. प्रकाशित सरकारी कामाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राला छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांचं संरक्षण आहे, त्यामुळे चिकट आल्बममधले अलीकडचे फोटो नेटवर टाकण्याआधी काढणाऱ्याच्या घरी विचारा.

गावठाण

ट्रेसिंग पेपरची पद्धत लगेच सुरू करतो. शेवटचं एक: पावसाळ्यात कपाटात आर्द्रता किती चालेल? सुट्या फोटोंमध्ये निगेटिव्हच्या काही पट्ट्याही निघाल्या, त्यांना आंबट वास येतो.

चांदीक्षार

आंबट, व्हिनेगरसारखा वास म्हणजे अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. त्या पट्ट्या ताबडतोब वेगळ्या करा, तो वास शेजारच्या फिल्मलाही कुजवतो. बंद प्लॅस्टिकमध्ये नको, कागदी पाकिटात, हवेशीर जागी, आणि स्कॅनिंगच्या यादीत सगळ्यात वर घ्या. फिल्म आकसली की थर सुरकुततो आणि मग स्कॅन निघत नाही.

कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ छापलं आहे का तेही पाहा, असेल तर ती सहज न पेटणारी फिल्म. ‘नायट्रेट’ लिहिलेलं आढळलं, किंवा फिल्म तपकिरी, चिकट झाली असून वास तिखट असेल, तर ती गरम दिव्याजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नका. ती सहज पेटते आणि पेटल्यावर हवा तोडली तरी विझत नाही. जाळून तपासायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अशी फिल्म सापडली तर थंड जागी, बाकी संग्रहापासून दूर ठेवा आणि पुराभिलेख संचालनालयाला विचारूनच पुढचं ठरवा.

आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत हवी. ६५ च्या वर गेली की बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सगळ्यात खालचा खण जमिनीपासून वीतभर वर ठेवा, आत साधा आर्द्रतामापक ठेवा आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा आकडा वहीत लिहा. रबरी झाकणाच्या डब्यांत सिलिका जेल कापडी पुरचुंडीत घाला, फोटोला थेट लागू देऊ नका. रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, पूर्ण गार झाल्यावर परत ठेवा. गरम जेल डब्यात घातलं तर कडेचे फोटो वळतात. पाकिटं विकत घेताना ‘आम्लरहित’ एवढ्या शब्दावर जाऊ नका, फोटोला कागद बाधतो का हे पाहणारी पॅट चाचणी (आयएसओ १८९१६) उत्तीर्ण आहे का ते विचारा. आणि पावसाळ्याच्या दिवसांत कपाट उघडायचं ते दुपारी, ऊन पडलेलं असताना.